चादरीला पोरं होत नाहीत

बहिणीनं दोनदा फोन करून बजावलं होतं, "ह्यांना सुट्टी मिळत नाही, तू तरी जाऊन ये, पोरगी वाट बघत बसेल." म्हणून भाचीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन बघायला गेलो. थंडीचे दिवस, पण सोलापूरचं ऊन दहा वाजताच अंगावर येतं. पटांगणातल्या पत्र्याच्या शेडखाली फेव्हिकॉलचा, ओल्या रंगाचा आणि कुणाच्या तरी उघड्या डब्यातल्या शेंगाचटणीचा मिळून एक वास साचला होता. पहिल्या टेबलावर खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, दुसऱ्यावर सलाइनच्या नळ्यांचं ठिबक सिंचन आणि तिसऱ्यावर आमची भाची. तिच्यापुढे थर्माकोलच्या दहा पायऱ्या, खालून वर चढत गेलेल्या. तळाशी निळ्या क्रेप कागदाच्या लाटांत मासा, वरच्या पायरीवर कासव, मग वराह, नरसिंह, छत्री धरलेला वामन, असं करत करत पार वर पांढऱ्या घोड्यावरचा कल्की. खालच्या पायऱ्यांना टाचणीनं चिठ्ठ्या टोचलेल्या: जलचर, उभयचर, सस्तन, अर्धमानव, आदिमानव. वर सोनेरी अक्षरांत मथळा, 'डार्विनच्या आधी दशावतार'. भाची हातात पट्टी घेऊन घडाघडा बोलत होती, कुठं अडखळत नव्हती, आणि मामा म्हणून माझी कॉलर ताठ झाली होती.

तेवढ्यात पाचवीतला असेल असा एक बारका पोरगा पुढे घुसला. शर्ट बाहेर आलेला, मनगटावर पेनानं काढलेलं घड्याळ. त्यानं एकेका पायरीवर बोट ठेवत सगळे अवतार मोजले, परत एकदा मोजले आणि विचारलं, "ताई, ह्यात मार्कंडेय कुठंय?" भाची थांबली. पाठ केलेल्यात हा प्रश्न नव्हता. "तो नसतो ह्यात," ती म्हणाली. "का नसतो? प्रलय आला तवा सगळे बुडाले, तो एकटाच वाचला की." मागून सरांचा आवाज आला, "ए, पुढं चला, रांग थांबवू नका." पोरगा ज्वालामुखीकडे पळाला. भाचीच्या मॉडेलला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं ठिबक सिंचनाला गेलं, आणि आमच्याकडे पाण्याची जी परिस्थिती आहे ती बघता ते योग्यच म्हणायला हवं.

बक्षिसाचं विसरलो. तो पोरगा मात्र डोक्यातनं जाईना.

तो सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला असणार, बोलण्याच्या हेलावरनं कळतंच. आम्हीही तिथलेच. पद्मशाली, म्हणजे जातीनं विणकर, घरात तेलुगू, दारात मराठी, बाजारात गरज पडेल तसं कन्नड. आमच्या घरात जगाची गोष्ट माशा-कासवापासून सुरू व्हायची नाही, कापडापासून व्हायची. देवांना नेसायला वस्त्र नव्हतं, तेव्हा मार्कंडेय ऋषींनी यज्ञ केला, त्या यज्ञातून भावनाऋषी प्रकटले आणि कमळाच्या देठातल्या तंतूंचं त्यांनी पहिलं कापड विणलं. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं सांगितली नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघायचा, माग बंद असायचे, आणि एरवी दिवसरात्र खटाखट चालणाऱ्या गल्लीतला तो आवाज थांबला की आम्हा पोरांना चुकल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी माझे ताता, म्हणजे आजोबा, ओट्यावर बसून ती सांगायचे. एकदा कुणीतरी आणलेल्या कमळाचा देठ त्यांनी मोडून दाखवला. दोन तुकडे हळूच लांब केले की मधे बारीक पांढरे तंतू ताणले जातात. उन्हात धरले तरच दिसतात. "हे बघ सूत," ताता म्हणाले. आम्ही विचारायचो, कापडच नव्हतं तर देवांना लाज कुठनं आली? यज्ञाला बसले तेव्हा मार्कंडेय ऋषी काय नेसले होते? ताता हसायचे, दर वर्षी निराळं उत्तर द्यायचे, आणि त्यातलं कुठलंच चुकीचं ठरायचं नाही.

पुढं शाळेत डार्विन शिकलो आणि शहाणपणा दाखवायला घरी येऊन तातांपुढे सगळे मुद्दे म्हणून दाखवले. ते तेव्हा जकार्डच्या मागावर मोराची चादर काढत होते. जकार्ड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. एकेक पत्ता समोर येतो, जिथं भोक असेल तिथली सुई आत जाते, तेवढेच ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि धोटा त्यांच्याखालून निघून जातो. मोराची चोच कुठं सुरू करायची, पिसाऱ्याचा डोळा कुठं बंद करायचा, सगळं त्या भोकांत असतं. तातांनी माग न थांबवता माझं सगळं ऐकून घेतलं आणि तेलुगूत विचारलं, "माग नसताना चादर निघते का? विणकर नसताना माग चालतो का? मग एवढी दुनिया कुणी विणल्याशिवायच निघाली होय?" परीक्षेत पाच मुद्दे लिहून मला चांगले मार्क पडले होते. तातांपुढं त्यातला एकही चालेना.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की विल्यम पेली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं 1802 साली छापलेल्या ग्रंथात हाच सवाल केला होता. त्याच्याकडे माग नव्हता, घड्याळ होतं. माळावर पडलेलं घड्याळ बघून कुणीतरी घड्याळजी असणार असं वाटतं ना, मग डोळ्यासारखी करामत बघून का वाटू नये? डार्विननं केंब्रिजमध्ये शिकताना हा पेली वाचला होता आणि तेव्हा त्याला तो पटलाही होता. मला याचा फार आनंद झाला. आमच्या तातांनी पेलीचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता नव्हती. बसल्या जागी, पायाखाली सुताची धूळ आणि कानात मागाचा आवाज घेऊन ते त्याच्याइतक्याच ताकदीच्या प्रश्नापर्यंत पोचले होते. त्यांना अडाणी ठरवून हा विषय संपत नाही.

उत्तर मात्र मला मागाजवळच सापडलं. पत्त्यांतला एखादा फाटला, भोक सरकलं की मोराची चोच वाकडी येते. त्या मागावरची पुढची प्रत्येक चादर त्याच वाकड्या चोचीची निघते आणि सेकंडच्या भावात जाते. पण ती चादर स्वतः कधी दुसऱ्या चादरीला जन्म देत नाही. चादरीला पोरं होत नाहीत. सजीवांना होतात. प्रत्येक पोर थोडं निराळं निघतं, सगळी काही जगत नाहीत, आणि जी जगतात, वाढतात, त्यांचं निराळेपण त्यांच्या पोरांत उतरतं. एखाद्या दुष्काळात वाकड्या चोचीलाच दाणा सापडला तर पुढे वाकडी चोचच सरळ ठरते. हे मला सुचलं तेव्हा ताता राहिले नव्हते. असते तर त्यांनी मान डोलावून पुढचं विचारलं असतं: "बरं, मग पहिला पत्ता कुणी पाडला?" आणि पहिला सजीव नेमका कसा घडला यावर शास्त्रज्ञांचं अजून काम चालू आहे, असंच मला सांगावं लागलं असतं.

आता भाचीच्या पायऱ्या. कासव उभयचर नसतं, सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडतं. ते सोडून देऊ. परशुराम आणि राम समोरासमोर उभे राहून बोलतात, मग एक दुसऱ्याच्या खालची पायरी कसा, तेही सोडून देऊ. मला खुपतो तो जिना. उत्क्रांतीला पायऱ्या नाहीत, फांद्या आहेत. आजच्या माकडाचा माणूस झालेला नाही. दोघांचा पूर्वज एकेकाळी एक होता आणि पुढं वाटा फुटल्या. मासे अजून आहेत, कासवं आहेत, डुकरं तर आमच्या गल्लीत माणसांच्या बरोबरीनं आहेत, आणि कुणी कुणाच्या खालच्या पायरीवर ताटकळत उभं नाही. दुसरं म्हणजे अवतार कशासाठी यायचा ते आधी ठरलेलं असतं. कूर्म आला तो मंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर घ्यायला. निसर्गनिवडीला, म्हणजे कोण जगतं आणि कोण मरतं या चाळणीला, कशासाठी हे ठाऊकच नसतं. हे बघायला लांब जायला नको, नान्नजच्या माळावर जावं. तिथं 1979 पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उघड्या रानात चरताना चहूकडनं येणारा शत्रू दिसावा, याला ते उत्तम. पिढ्यान्‌पिढ्या कामाला आले. समोरचं मात्र त्याला कमी दिसतं, आणि एवढं जड अंग घेऊन उडताना ऐनवेळी वळता येत नाही. विजेच्या तारा येणार आहेत हे त्या डोळ्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. माळढोक तारांवर धडकून मरतात. अंडं बहुतेक वेळा एकच, तेही जमिनीवर. आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. ही गोष्ट ज्याला कळली त्याला डार्विन कळला, आणि ती दशावताराच्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. दोन्ही एकमेकांना चिकटवली की अवतारातली करुणा जाते आणि उत्क्रांतीतला निष्ठुरपणाही जातो. हातात थर्माकोल उरतो.

त्या सोनेरी मथळ्याचीही एक गंमत आहे. दशावतार डार्विनच्या आधीचे, यात वाद नाही. पण त्यांच्यात उत्क्रांती दिसायला लागली ती डार्विनचं पुस्तक 1859 साली बाहेर पडल्यावर. थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की या रशियन बाईंनी 1877 साली न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या ग्रंथात ही जोडणी केली, आणि लवकरच आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींतही ती दिसू लागली. म्हणजे सोलापुरातल्या शेडखाली मांडलेलं आपल्या पूर्वजांचं हे ज्ञान न्यूयॉर्कमार्गे आलेलं आहे.

अमेरिकेतलं भांडण वेगळं. तिथं शाळेत बायबलमधली उत्पत्ती शिकवायची की डार्विन, यावर कित्येक दशकं कोर्टबाजी झाली. 1925 साली टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या मास्तराला उत्क्रांती शिकवली म्हणून 100 डॉलर दंड झाला. तो पुढं तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला, पण तो कायदा 1967 पर्यंत टिकला. 1987 साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं विज्ञानाच्या जोडीला सृष्टिनिर्मितीवाद शिकवण्याची सक्ती मोडीत काढली, तर तोच माल 'बुद्धिमान रचना' असं लेबल लावून परत आला, आणि 2005 साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात तोही परत पाठवला गेला. त्यांचं दुखणं काळाचं आहे. अशर नावाच्या आर्चबिशपनं बायबलमधल्या वंशावळी जुळवून जग इसवी सन पूर्व 4004 मध्ये निर्माण झालं असा हिशेब मांडला होता. तेवढ्या वर्षांत उत्क्रांती मावत नाही. आपल्याकडे कोट्यवधी वर्षांची कुणाला भीती नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवसच 432 कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय 454 कोटींच्या आसपास निघालं तर आपण उलट खूश होतो, बघा म्हणतो, जुळतंय की. ब्रह्मदेवाची रात्रही तेवढीच लांब असते आणि मग हिशेब दुप्पट होतो, हे कुणी काढत नाही. 2018 च्या जानेवारीत औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, असं सांगून टाकलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी पत्रक काढून विरोध केला. असा सरळ नकार मला तरी परवडतो. त्याला सरळ उत्तर देता येतं. 'ते आमच्याकडे होतंच' याला काय उत्तर देणार? दार उघडंच आहे, आत मात्र जाता येत नाही.

आणि 'आमच्याकडे' म्हणजे नेमकं कुणाकडे? त्या बारक्यानं तेच विचारलं होतं.

भाचीच्या नवव्या पायरीवर बुद्ध होता. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात; जुन्या चित्रांत त्या जागी विठ्ठलही सापडतो. पण सरांनी बुद्ध सांगितला म्हणून बुद्ध. बुद्धाच्या मागची बेगडाची चकती कापून दिली ती भाचीच्या बौद्ध मैत्रिणीनं. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञाच अशी आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. ती पोरगी घरी ते म्हणत असणार आणि शाळेत चकती कापत होती, मन लावून. त्याच वर्गात जैन मुलं आहेत. सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेनं 1943 साली 'तिलोयपण्णत्ती' या तिन्ही लोकांचं वर्णन करणाऱ्या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग छापला. जैनांच्या हिशेबी विश्व अनादी आहे. ते कुणी निर्माणच केलेलं नाही. नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांनी तर विचारून ठेवलंय की जग नव्हतं तेव्हा निर्माता कुठं होता, आणि सामान कुठनं आणलं? आम्ही ओट्यावर बसून तातांना ह्याच चालीचे प्रश्न विचारत होतो. पलीकडच्या बाकावर आदमला मातीपासून घडवलं असं ऐकत वाढलेली मुलं. यातली कुठली उत्पत्ती शाळेनं शिकवायची? सगळ्या शिकवा म्हणाल तर मी पहिला हात वर करीन. पण सगळ्या कुणालाच नको असतात. ज्याला शाळेत उत्पत्ती हवी असते त्याला स्वतःची हवी असते.

तसा धर्म शिकवायला सोलापूरला शाळेची गरज कधी लागलेली नाही. संक्रांतीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेबद्दल गावातल्या कुठल्याही पोराला विचारा. बाराबंदी घातलेले मानकरी, सातही नंदीध्वज, 68 लिंगांना तेलाचा अभिषेक, मग संमती कट्ट्यावर 'सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम' सुरू झालं की चहूबाजूंनी उडणाऱ्या अक्षता, त्या केसांत अडकून घरापर्यंत येतात. कुंभारकन्येचं सिद्धेश्वराच्या योगदंडाशी लग्न का लागतं ते कुणी फळ्यावर लिहून दिलेलं नसतं. कुणी परीक्षा घेत नाही. पोरं ते कधी विसरत नाहीत.

माझ्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असायचं. एकच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढायची, वर झेंडूची पाकळी, हळद-कुंकू, ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीचा तो वास. वर्गात सगळ्यात रेखीव सरस्वती काढायचा तो माझा मुसलमान मित्र. त्याचे वडील सूत रंगवायच्या कामाला होते, तोही सुट्टीत मदतीला जायचा, त्यामुळे बोटं कायम निळी नाहीतर गुलाबी. बाई त्याची पाटी मधोमध मांडायच्या आणि तो लाजून खाली बघायचा. राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे निव्वळ सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाला त्यात बसवायचं तर पालकांची संमती लागते. हे आमच्या बाईंच्या गावी नव्हतं. मित्राच्या अम्मीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती असं मला वाटतं. नाही म्हणायची सोय तिला खरोखर होती का, हे मात्र नीट सांगता येत नाही. त्या पाटीपूजनाची आठवण मला आजही गोड लागते आणि तिच्यात एवढं एक कुसळ आहे.

घटना समितीत 1948 च्या डिसेंबरात या कलमावर चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी धार्मिक शिक्षण वेगळं आणि धर्माचा अभ्यास वेगळा, असा भेद केला होता. 2002 साली अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानंही धर्मांविषयी शिकवायला घटनेची आडकाठी नाही असं सांगितलं. कागदावर हे स्वच्छ आहे. वर्गात तो भेद सांभाळायचा कुणी? ज्याच्या माथी सत्तर पोरं, निवडणुकीची ड्युटी आणि ऑनलाइन माहिती भरणं आहे, त्या मास्तरनं.

भाचीच्या सरांना मी नंतर भेटलो, चहाच्या गाड्यावर. माणूस चांगला आहे. स्वतःच्या खिशातनं पैसे घालून पोरांना नान्नजला नेतो. मी पायऱ्यांचा विषय काढला तर म्हणाले, "साहेब, डार्विन म्हटलं की पालक बिचकतात. आमच्या पोराला माकडाची औलाद म्हणता काय, असं येऊन विचारतात. दशावतार म्हटलं की तेच पालक थर्माकोल आणून देतात. ओळखीच्या दारातनं आत आणलं तर काय बिघडलं? पेपरात काय लिहायचं ते पोरांना बरोबर कळतं." त्यांचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिला धडाच 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, आणि तो भाचीला पायऱ्यांइतकाच पाठ आहे. अडचण तीच आहे. तिला दोन्ही सारखंच पाठ आहे. दोन्हींतलं काहीतरी एकमेकांच्या विरुद्ध जातंय, हे तिला कुठंच टोचलेलं नाही. मी विचारलं, "आणि त्या बारक्याचा प्रश्न?" सर हसले. "असले प्रश्न घ्यायला लागलो तर संध्याकाळपर्यंत रांग हलायची नाही."

मला वाटतं घोटाळा इथं आहे. भावनाऋषींची गोष्ट शाळेत यायला माझी हरकत नाही, यावीच. मराठीच्या तासाला यावी, इतिहासाच्या तासाला यावी, आदमची आणि जैनांच्या अनादी विश्वाचीही यावी, 'अमुक लोक असं मानतात' एवढ्या एका वाक्यानिशी. पण ती पेपरात आली की मेली. 'योग्य पर्याय निवडा: पहिले वस्त्र कोणी विणले?' यावर तातांसारखं दर वर्षी निराळं उत्तर देता येत नाही, देवांना लाज कुठनं आली असं उलट विचारता येत नाही. एक मार्क जातो. आणि हे डार्विनलाही लागू आहे. मी पाठ केलेले पाच मुद्दे हा माझ्यासाठी त्या काळी धर्मच होता. पाच मुद्दे म्हटले, प्रसाद मिळाला. विज्ञानाच्या तासाला जे शिकवायचं त्याला 'कशावरनं?' असं विचारता आलं पाहिजे आणि उत्तरादाखल हाड, दगड, अंडं असं काहीतरी पुढं ठेवता आलं पाहिजे. दशावताराला कशावरनं विचारणं हा आचरटपणा आहे. म्हणूनच त्याला त्या टेबलावर बसवू नये.

माझा मुलगा सीबीएसईला. त्याला सहज विचारलं, तुमच्याकडे उत्क्रांती कशी शिकवतात रे? "पप्पा, ते आम्हाला नाहीये. डिलीटेड पोर्शन." खरंच नाहीये. 2023 साली एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग काढला. मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून. 1800 वर शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात ते आहे म्हणतात, पण माझ्या चिरंजीवांना कॉमर्सला जायचंय. म्हणजे घरातली भाची दशावतारासकट डार्विन शिकणार आणि मुलगा दोन्हीशिवाय मोठा होणार. ओझं त्याचं कमी झालेलं दिसत नाही.

त्याला घेऊन मग एक दिवस गल्लीतला बोअर बघायला उभा राहिलो. आधी पाणाड्या आला होता, तळहातावर नारळ आडवा धरून फिरला, नारळ उभा राहिला तिथं चुन्यानं फुली मारली, पूजा झाली. मग तमिळनाडूची गाडी लागली. वर थोडी काळी माती, मग मुरूम, मग राखाडी भुकटीचा लोट, सगळ्यांची तोंडं पांढरी. बरंच खाली गेल्यावर भुकटी अचानक लाल आली. गाडीवाला म्हणाला, "गेरू." थोड्या वेळानं परत राखाडी. पोराला म्हटलं, मूठभर उचल. हा सगळा दख्खनचा काळा पाषाण म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांमागं थरावर थर साचलेला लाव्हा. दोन थरांच्या मधे जितका काळ गेला तितक्यात खालच्या थराचा वरचा पापुद्रा झिजून त्याची माती झाली. तिच्यावर पुढचा लाव्हा येऊन पडला, ती भाजली, लाल झाली. पोरानं ती लाल भुकटी बोटांनी चोळून बघितली आणि विचारलं, "कशावरनं?" मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. पाणाड्याला दिलेल्या पैशांबद्दलही त्यानं तेच विचारलं, तेव्हा शेजारचे काका आमच्याकडे बघायला लागले. पाणी लागलं, पण बेताचंच.

त्या भुकटीच्या दोन पुड्या, राखाडी आणि लाल, मी बांधून ठेवल्या आहेत. मधे सरांचा फोन आला. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, परिपाठानंतर दहा मिनिटं बोलाल का म्हणाले. मी म्हटलं, पाच मिनिटं बोलतो आणि पाच मिनिटं पोरांचे प्रश्न घेतो. ते मुख्याध्यापकांशी बोलून कळवतो म्हणाले. दोन दिवसांनी कळवलं: प्रश्न तोंडी नकोत, उगाच कुणाच्या भावना दुखावतात, पोरं चिठ्ठीवर लिहून देतील, वर्गशिक्षक आधी चाळतील, निवडक प्रश्न तुमच्याकडे येतील. थोडी घासाघीस झाली. शेवटी मी तयार झालो, अट एकच घातली, की चाळून बाजूला काढलेल्या चिठ्ठ्याही कार्यक्रम झाल्यावर मला द्यायच्या. सर क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "त्या तर मलाही वाचायच्या आहेत."